जकातीचा झगडा आणि वाण्याच्या फळीवरील भाव

अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें व कॅनडा या दोन शेजारी राष्ट्रांमध्यें २०२५ सालीं जो जकातींचा झगडा जुंपला, त्याची हकीकत आमच्या बहुतेक वाचकांनीं दैनिक पत्रांतून वाचली असेलच. पोलाद, ॲल्युमिनियम व मोटारी यांच्या जकातींवर त्या पत्रांनीं रकानेच्या रकाने खर्च केले. परंतु या झगड्याचें एक अंग असें आहे कीं, त्याकडे शेतकरीवर्गानें जितक्या बारकाईनें पाहावयास पाहिजे होतें तितक्या बारकाईनें पाहिलें गेलें नाहीं. तें अंग म्हणजे, त्या दिवसांत कॅनडांतील किराणा दुकानांच्या फळ्यांवर लागलेल्या भावाच्या चिठ्ठ्या, आणि त्या चिठ्ठ्यांवरून गिऱ्हाइकांचा उडालेला विश्वास. कॅनडांतल्या वाण्याशीं आम्हांस काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर पुढें ओघानें येईल. येथें एवढेंच सांगतों कीं, गिऱ्हाईक व दुकानदार यांच्यामधील विश्वास तुटला म्हणजे ती तूट शेवटीं ज्याच्या शेतांतून माल निघतो त्याच्याकडूनच वसूल होण्याचा संभव फार असतो. आणि ही गोष्ट सस्कॅचेवान प्रांतांतील वाटाणेवाल्यास जशी लागू आहे तशीच नाशिकच्या कांदेवाल्यासहि आहे.

प्रथम हकीकत थोडक्यांत देतों. ४ मार्च २०२५ रोजीं संयुक्त संस्थानांनीं कॅनडाच्या बहुतेक मालावर शेंकडा २५ जकात बसविली. दोनतीन दिवसांतच, मेक्सिकोसह तिन्ही राष्ट्रांनीं केलेल्या व्यापारी करारांत जो माल बसतो त्यास तींतून सूट मिळाली. परंतु कॅनडानें त्याच ४ मार्चला तीस अब्ज कॅनडियन डॉलर किमतीच्या अमेरिकन मालावर शेंकडा २५ ची जी उलट जकात बसविली होती ती तशीच राहिली. तिच्या यादींत संत्र्याचा रस, भुईमुगाच्या दाण्यांचें लोणी, कॉफी, द्राक्षांची दारू असे रोजच्या घरखर्चांतले जिन्नस होते. एप्रिलच्या मध्यास, कॅनडांतील कारखान्यांना लागणाऱ्या व खाद्यपदार्थ भरण्याच्या वेष्टनांस लागणाऱ्या अमेरिकन मालास सहा महिन्यांची सवलत जाहीर झाली. पुढें १ सप्टेंबर २०२५ पासून करारांत बसणाऱ्या अमेरिकन मालावरील बहुतेक उलट जकाती कॅनडानें उठविल्या. पोलाद, ॲल्युमिनियम व मोटारी यांवरील तेवढ्या ठेवल्या. म्हणजे किराणा मालापुरता हा झगडा अवघ्या सहा महिन्यांचा झाला.

झगडा सुरू होतांच कॅनडांतील लोकांत स्वदेशीची मोठी लाट उठली. शब्द आमच्याकडचा असला तरी भावना तीच होती. ऑन्टेरिओ प्रांताच्या सरकारी मद्य-मंडळानें ४ मार्चलाच अमेरिकन दारू आपल्या दुकानांतून काढून घेतली. इतर कित्येक प्रांतांनीं तेंच केलें. घरोघरचीं माणसें डबा उलटा करून त्यावरील बारीक अक्षरें वाचूं लागलीं. मोठ्या दुकानदार कंपन्यांनींहि कॅनडियन मालाचा खप वाढल्याचें व अमेरिकन मालाचा घटल्याचें सांगितलें. ज्या देशांत हिवाळाभर जमीन बर्फाखालीं असते, आणि पालेभाजी, संत्रीं, स्ट्रॉबेरी हीं कॅलिफोर्निया, ॲरिझोना व फ्लॉरिडा येथून मालमोटारींनीं येतात, तेथें मार्च महिन्यांत हें व्रत पाळणें सोपें नव्हे, हें आमच्या वाचकांच्या ध्यानांत येईल. तरीहि लोकांनीं तें बऱ्याच निष्ठेनें पाळलें. लोक थोडी अधिक किंमत द्यावयास तयार होते. त्यांची अट एकच होती, ती ही कीं, आपण दिलेला पैसा खरोखर आपल्या देशांतल्या शेतकऱ्याच्या व कामकऱ्याच्या पदरांत पडावा.

आणि नेमकी हीच अट पुरी होते कीं नाहीं, हें त्यांस कळेना. कॅनडांत खाद्यपदार्थांच्या नांवनिशीसंबंधीं नियम आहेत, व ते वाईट नाहींत. 'प्रॉडक्ट ऑफ कॅनडा' म्हणजे कॅनडाचें उत्पन्न, असें लिहावयाचें असेल तर त्या पदार्थांतील सर्व किंवा जवळजवळ सर्व मुख्य घटक, त्यावरील प्रक्रिया व मजुरी हीं कॅनडाचींच असलीं पाहिजेत. मसाला, जीवनसत्त्वें वगैरे किरकोळ परदेशीं घटक मिळून शेंकडा दोनाच्या आंतच चालतात. 'मेड इन कॅनडा' म्हणजे कॅनडांत तयार केलेलें, असें लिहावयाचें तर शेवटची महत्त्वाची घडण कॅनडांत झालेली असली म्हणजे पुरे. मात्र घटक परदेशीं आहेत कीं मिश्र आहेत तें त्याबरोबर लिहावें लागतें. हा भेद कागदावर स्पष्ट आहे. परंतु दुकानांत गिऱ्हाईक पाहतें तें मॅपल झाडाच्या पानाचें लाल चित्र! परदेशांतून पोत्यांनीं आणलेला मेवा कॅनडांत भाजून पिशवींत भरला कीं त्या पिशवीवर पान छापावयाचें, किंवा दुकानदारानें स्वतःच्या हातानें फळीवर पानाची चिठ्ठी लावावयाची आणि फळीवर ठेवावयाचा माल मात्र भलत्याच देशाचा, अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या. या लबाडीस तेथील लोकांनीं 'मॅपल-वॉशिंग' असें नांव दिलें. आम्ही त्यास पानाचा मुलामा म्हणूं. यांतील कांहीं चुका निव्वळ गाफीलपणाच्या असतील. सबंध देशभर हजारों दुकानांत रोज हजारों चिठ्ठ्या बदलावयाच्या म्हणजे एखादी चुकणारच. पण चूक नेहमीं दुकानदाराच्याच फायद्याची कां होते, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न अगदींच अडाणीपणाचा नाहीं.

आतां भावाकडे वळूं. लोब्लॉ ही कॅनडांतील सर्वांत मोठी किराणा कंपनी. तिनें मार्च महिन्यांत असा उपक्रम केला कीं, जकातीमुळें ज्या जिनसेचा भाव वाढला असेल तिच्या चिठ्ठीवर काळ्या त्रिकोणांत 'टी' हें अक्षर छापावें. टी म्हणजे टॅरिफ, म्हणजेच जकात. हा उपक्रम वरून दिसावयास सरळपणाचा आहे, व कांहीं अंशीं तो तसा होताहि; गिऱ्हाइकास दुसरी जिन्नस निवडण्याची सूचना त्यामुळें मिळाली. परंतु या चिन्हानें लोकांचा संशय फारसा फिटला नाहीं, आणि तो कां फिटला नाहीं हें पाहण्यासारखें आहे. चिन्ह सांगतें कीं या जिनसेवर जकात आहे. ती जकात किती, व वाढलेल्या भावांत जकातीचा वांटा किती, हें तें सांगत नाहीं.

येथें एक साधा हिशोब मांडतों. हे आंकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, एक बरणी आयात करतांना सीमेवर पांच डॉलरला पडते, आणि दुकानदार वाहतूक, भाडें, नोकरांचा पगार व नफा मिळून तीन डॉलर चढवून ती आठ डॉलरला विकतो. शेंकडा २५ जकात ही आयात किमतीवर, म्हणजे पांच डॉलरवर बसते. ती सव्वा डॉलर झाली. दुकानदारानें फक्त जकात चढविली तर बरणी सव्वानऊ डॉलरला मिळावी. परंतु बहुतेक धंद्यांत चढ ही शेंकडेवारीनें धरतात. पांचावर तीन चढवणारा दुकानदार सव्वासहावर पावणेचार चढवतो, आणि बरणी दहा डॉलरला जाते. जकात सव्वा डॉलर, भाववाढ मात्र दोन डॉलर. आतां यांतील गंमत अशी कीं, गिऱ्हाइकानें पत्रांत वाचलेलें असतें 'शेंकडा २५', व दुकानांतला भावहि आठाचा दहा, म्हणजे बरोबर शेंकडा २५ नेंच वाढलेला असतो. त्यास वाटतें, हिशोब जुळला. वरचे पाऊण डॉलर कोठें गेले, हा प्रश्नच त्याच्या मनांत उद्भवत नाहीं. उद्भवला तर मात्र मग त्यास प्रत्येक चिठ्ठी खोटी वाटूं लागते. दुकानदाराच्या बाजूनें इतकें कबूल केलें पाहिजे कीं, महाग झालेल्या मालांत त्याचें भांडवल अधिक गुंततें, आणि फुटतूट झाली तर नुकसानहि अधिक होतें. पण त्याकरितां पाऊण डॉलर लागतात कीं दहा सेंट पुरतात, हें तोच जाणे.

दुसरा प्रश्न जुन्या मालाचा. ४ मार्चपूर्वीं जकात न भरतां आलेला माल वखारींत असतां नवा भाव कोणत्या दिवशीं लावला? आणि १ सप्टेंबरनंतर जकात भरून आलेला माल संपेपर्यंत जुनाच भाव किती दिवस चालविला? भाव चढावयाचा असला कीं उद्यांच्या खरेदीचा हवाला द्यावयाचा, उतरावयाचा असला कीं कालच्या खरेदीचा, ही युक्ति जगांतल्या सर्व बाजारपेठांस ठाऊक आहे. आमच्याकडील अडत्यांना ती कोणी कॅनडांतून येऊन शिकविली नाहीं.

त्यांत भर अशी कीं, त्याच सुमारास भाव वाढण्यास दुसरीं खरीं कारणेंहि पुष्कळ होतीं. कॅनडाचा डॉलर २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं अमेरिकन सत्तर सेंटांच्या खालीं घसरला होता. त्यामुळें जकात नसलेली अमेरिकन भाजीहि महाग पडूं लागली. ब्राझीलमधील अवर्षणामुळें व साठे कमी झाल्यामुळें त्याच फेब्रुवारींत अरेबिका कॉफीचा भाव पौंडास चार अमेरिकन डॉलरच्या वर गेला. फ्लॉरिडांतील संत्र्यांच्या बागा सिट्रस ग्रीनिंग या रोगानें वर्षानुवर्षें खालावत आल्या आहेत. गुरांची संख्या, लागोपाठच्या दुष्काळांमुळें, कॅनडांत कित्येक दशकांत नव्हती इतकी खालीं आली, आणि गोमांसाचे भाव भडकले. त्यांचा जकातीशीं संबंध थोडाच. आतां कॉफीच्या डब्यावर टी असें लिहिलें, तर भाव किती ब्राझीलच्या आभाळामुळें वाढला, किती डॉलरच्या घसरणीनें, किती जकातीनें व किती दुकानदाराच्या मर्जीनें, हें कोण वेगळें करणार? कारणें जितकीं अधिक तितकी लपावयास जागा अधिक. प्रामाणिक दुकानदाराची येथें मोठी पंचाईत होते, कारण त्याचा खरा खुलासा व लबाडाचा खोटा खुलासा हे दोन्ही शब्दशः सारखेच असतात.

तरी पण केवळ सहा महिन्यांच्या जकातीनें एवढा अविश्वास उत्पन्न झाला नसता. त्याचें मूळ जुनें आहे. दुधानें तोंड पोळलें म्हणजे माणूस ताकहि फुंकून पितो, आणि कॅनडांतील गिऱ्हाइकाचें तोंड पोळलें तें पावानें. २०१७ सालच्या डिसेंबरांत लोब्लॉ व तिची पालक कंपनी जॉर्ज वेस्टन यांनीं असें जाहीर केलें कीं, २००१ पासून पुढें चौदा एक वर्षें पावाचे भाव संगनमतानें ठरविले जात होते व त्यांत आपण सामील होतों. गुन्हा प्रथम कबूल केल्यामुळें त्यांस खटल्यांतून अभय मिळालें; त्यांनीं गिऱ्हाइकांस समाधानादाखल पंचवीस पंचवीस डॉलरचीं कार्डें वांटलीं. कॅनडा ब्रेड या कंपनीस २०२३ च्या जूनमध्यें पांच कोटी डॉलर दंड झाला. २०२४ च्या जुलैमध्यें लोब्लॉ व वेस्टन यांनीं गिऱ्हाइकांच्या दाव्यांत एकंदर पन्नास कोटी डॉलरची तडजोड केली. पाव ही गरिबांतल्या गरिबाच्या घरीं जाणारी वस्तु, आणि तिच्यांत चौदा वर्षें असें चालावें! यानंतर २०२० च्या जूनमध्यें, साथीच्या दिवसांत दुकानांतील नोकरांस दिलेला तासास दोन डॉलरचा जादा पगार तीन मोठ्या कंपन्यांनीं एकाच दिवशीं बंद केला, तेव्हां पार्लमेंटच्या समितीनें त्यांच्या अधिकाऱ्यांस बोलावून जाब विचारला. २०२४ च्या मे महिन्यांत लोकांनीं लोब्लॉच्या दुकानांवर बहिष्कार घातला. २०२५ च्या जानेवारींत, म्हणजे झगड्याच्या अगदीं तोंडावर, मांसाच्या वजनांत वेष्टनाचें वजन धरून विक्री झाल्याचें प्रकरण तेथील राष्ट्रीय प्रसारण-संस्थेनें उजेडांत आणलें. मापांत पाप झालेलें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें तो भावाच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवील ही अपेक्षाच करणें व्यर्थ.

दुकानदारांचें म्हणणेंहि ऐकिलें पाहिजे. कॅनडाच्या स्पर्धा-खात्यानें २०२३ च्या जूनमध्यें किराणा व्यापारासंबंधीं एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें लोब्लॉ, सोबीज व मेट्रो या तिघांची मिळून २०२२ सालची विक्री शंभर अब्ज डॉलरांवर व नफा साडेतीन अब्ज डॉलरांहून कांहींसा अधिक होता. म्हणजे शंभर डॉलरच्या विक्रीमागें साडेतीन ते चार डॉलर. हा नफा कोणी लूट म्हणूं शकणार नाहीं. पण त्याच अहवालांत असेंहि आहे कीं, २०१७ पासून या कंपन्यांच्या खाद्यपदार्थांवरील ढोबळ नफ्याचें प्रमाण एक-दोन टक्क्यांनीं चढत गेलें. आणि ज्या धंद्यांत स्पर्धा तीव्र असते त्यांत तसें सहसा होऊं नये. शिवाय एका दुकानाच्या शेजारीं दुसऱ्यानें दुकानच घालूं नये अशा अटी जागेच्या भाडेपट्ट्यांतून लिहून घेण्याची तेथें चाल आहे, व ती नव्या दुकानदारास आड येते, असेंहि खात्यानें म्हटलें आहे. आमच्या मतें खरा रोग येथें आहे. जेथें तीन-चार घरांखेरीज गिऱ्हाइकास पांचवें दारच नाहीं, तेथें दुकानदार संत असला तरी लोक त्यास चोर म्हणणार. कारण त्याचा संतपणा पडताळून पाहण्याचें साधन त्यांच्या हातीं नाहीं. तेथील किराणा व्यापारासाठीं एक आचारसंहिता तयार होऊन १ जानेवारी २०२६ पासून ती पूर्णपणें अमलांत आली. परंतु तिचा संबंध माल पुरविणारे व दुकानदार यांच्या परस्पर वागणुकीपुरता आहे. फळीवरील भावास ती हात लावीत नाहीं.

या सर्व गडबडींत शेतकऱ्याची स्थिति काय झाली? कॅनडांत दूध, कोंबड्या व अंडीं यांचें उत्पादन ठराविक वांटणीनें चालतें, आणि दुधाचा गोठ्यावरील भाव सरकारी दुग्ध-आयोग हिशोब करून जाहीरपणें ठरवितो. १ फेब्रुवारी २०२५ पासून त्या भावांत किंचित् घटच झाली. म्हणजे झगडा सुरू झाला त्या वेळीं दुधाच्या बाबतींत शेतकऱ्यास काय मिळतें हें ज्यास पाहिजे त्यास कळत होतें. बहुतेक प्रांतांत न कळण्यासारखा होता तो पुढचा भाग, गोठ्यापासून फळीपर्यंतचा. असें असूनहि महागाईचा विषय निघाला कीं पुष्कळ लोक बोट दाखवीत तें दुधवाल्या शेतकऱ्याच्या वांटणीकडे. त्या वांटणीमुळें भाव चढे राहतात या म्हणण्यांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्याचा भाव उघड्यावर मांडलेला, त्याच्यावर आरोप करणें सोपें, आणि ज्याचा झांकलेला त्याच्यावर कठीण, हा न्याय विचित्र खरा. अमेरिकेची एक मोठी मागणी हीच होती कीं कॅनडानें आपला दुधाचा बाजार उघडावा. त्यावर २०२५ च्या जूनमध्यें तेथील पार्लमेंटनें कायदाच केला कीं, व्यापारी वाटाघाटींत या वांटणीस धक्का लावणारी सवलत देतां येणार नाहीं.

सर्वच पिकांचें असें रक्षण झालें नाहीं. कॅनडानें २०२४ च्या ऑक्टोबरांत चिनी विजेच्या मोटारींवर शेंकडा १०० जकात लावली होती. चीननें २० मार्च २०२५ पासून कॅनडाच्या वाटाण्यावर आणि कॅनोलाच्या तेलावर व पेंडीवर शेंकडा १०० जकात बसवून त्याचें उट्टें काढलें. मोटारी कोणाच्या, आणि भुर्दंड कोणास! वाटाण्याच्या शेतकऱ्याची एक मोठी पेठ एका दिवसांत बंद झाली. त्यानें तरी गिऱ्हाइकास डाळ स्वस्त मिळाली काय?

आणि येथें हा विषय आमच्या दाराशीं येतो. कॅनडाच्या पिवळ्या वाटाण्याची दुसरी मोठी पेठ म्हणजे हिंदुस्थान. आमच्या सरकारनें २०१७ च्या नोव्हेंबरांत या वाटाण्यावर शेंकडा ५० जकात लावली होती. डिसेंबर २०२३ मध्यें ती उठविली, व १ नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हां शेंकडा ३० लावली. मधल्या सुमारें दोन वर्षांत जकातीवांचून जो वाटाणा आला त्यानें विदर्भ-मराठवाड्यांतील तूर व हरभरा पिकविणाऱ्यांच्या भावावर काय दाब पडला, तें ज्यांनीं मोंढ्यांत माल नेला त्यांस सांगावयास नको. वाटाण्यास मोकळीक दिली ती कोणाच्या नांवानें? शहरांतील खाणाऱ्याच्या नांवानें. कांद्याचेंहि तसेंच. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर शेंकडा ४० जकात आली, ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात-बंदी झाली, ती मे २०२४ मध्यें उठली तरी जकात राहिली, आणि ती पुरती जावयास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. या प्रत्येक वेळीं शहरांतल्या गिऱ्हाइकाची ओरड फळीवरील भावाविषयीं होती, व इलाज झाला तो लासलगांवच्या लिलावांत. याचें कारण सरकारच्या हातास शेतकरी लवकर लागतो. जकातीचा एक हुकूम काढला कीं बंदरावर गाड्या थांबतात. फळीवरचा भाव मात्र कोणत्याहि हुकुमानें तितक्या लवकर हलत नाहीं.

रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनीं २०२४ सालीं जे निबंध प्रसिद्ध केले त्यांत गिऱ्हाईक देतें त्या रुपयांतून शेतकऱ्याच्या हातीं किती पडतें याचा अंदाज दिला आहे: टोमॅटोमध्यें सुमारें ३३ पैसे, कांद्यांत ३६, बटाट्यांत ३७. उरलेल्या त्रेसष्ट-सदुसष्ट पैशांत वाहतूक आहे, नासाडी आहे, हमाली-तोलाई आहे, दुकानाचें भाडें आहे. तें सर्व फुकट खाल्लें जातें असें म्हणणें अन्यायाचें होईल. परंतु मुंबई-पुण्याच्या गृहिणीस हे ३६ पैसे ठाऊक नाहींत. तिच्या मनांत भाव म्हणजे शेतकऱ्याचा भाव. कांदा ऐंशीचा झाला कीं शेतकरी गबर झाला, असें तिनें समजावें यांत तिचा दोष नाहीं. तिला दुसरें कांहीं कोणीं सांगितलेंच नाहीं. आम्हींहि सांगितलें नाहीं.

तेव्हां कॅनडांतल्या या प्रकरणावरून आमच्या सहकारी संस्थांनीं काय करावें हें स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. फळीवरील भाव सरकारनें ठरवून द्यावेत असें आम्ही म्हणत नाहीं. तो उपाय पूर्वीं केलेला आहे, आणि त्यानें माल फळीवरून उठून पडद्याआड जातो हा अनुभव जुना आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जो माल आमच्या संस्थांच्या पिशवींतून व पेटींतून बाहेर जातो, त्यावर मूळ गांव, काढणीचा महिना, आणि उत्पादकास मिळालेला किलोचा भाव, असे तीन आंकडी-अक्षरी ठसे असावेत. पहिले दोन ठसे छापण्यास कोणाची हरकत नसते. तिसरा मात्र व्यापाऱ्यास रुचणार नाहीं, आणि म्हणूनच तो पाहिजे. तुरीच्या डाळीच्या पिशवीवर उत्पादकास मिळालेला भाव छापलेला असेल, तर दुकानदारानें कोणत्याहि झगड्याचें निमित्त सांगितलें तरी गिऱ्हाईक स्वतः वजाबाकी करूं शकेल. आणि वजाबाकी झाल्यावर त्याचा राग कोणाकडे वळावा हें त्याचें त्यास कळेल. याचा एक परिणाम असाहि होईल कीं, एखाद्या वर्षीं आम्हांस चांगला भाव मिळाला तर तोहि जगास दिसेल. त्यास आमची तयारी पाहिजे. स्वतःचा आंकडा झांकून दुसऱ्याचा उघडा करा म्हणणें आमच्या तोंडीं शोभत नाहीं.

पानाच्या मुलाम्याचा धडाहि आमच्यासाठींच आहे. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं व कोंकणच्या पांच जिल्ह्यांतील हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तरी कर्नाटकांतील गूळ कोल्हापुरीच्या नांवावर व तिकडचा आंबा देवगडच्या पेटींतून विकला जातो ही तक्रार अद्याप मिटली नाहीं. नुसतें नांव छापणें म्हणजे मॅपलचें पान छापण्यासारखेंच आहे. पेटी ज्याच्या हातीं, नांव त्याच्या हातीं. देवगड तालुक्यांतील आंबा-उत्पादकांच्या सहकारी संस्थेनें २०२५ च्या हंगामांत याच्या पुढें पाऊल टाकलें. प्रत्येक फळावर वेगवेगळ्या क्रमांकाची, फाडल्याशिवाय न निघणारी चिकटचिठ्ठी लावावयाची, व ह्या चिठ्ठ्या प्रत्येक बागाइतदारास त्याच्या झाडांच्या मानानें मोजूनच द्यावयाच्या, अशी ती योजना आहे. यांतील चिकटचिठ्ठीपेक्षां 'मोजूनच द्यावयाच्या' ही अट आम्हांस अधिक मोलाची वाटते. ज्याचीं शंभर झाडें आहेत त्यास हजार झाडांच्या चिठ्ठ्या मिळाल्या तर त्या उरलेल्या नऊशें झाडांच्या चिठ्ठ्या कोठल्या आंब्यावर चिकटतील हें सांगावयास पाहिजे काय? आणि येथें लबाडी करणारा परका नसतो, आपल्याच गांवचा असतो. त्यास संस्थेच्या सभेंत नांव घेऊन थांबविण्याची हिंमत ज्या संस्थेंत नाहीं तिनें चिठ्ठ्या छापण्याचा खर्च न केलेला बरा.

खर्चाचा प्रश्न निघेल. छपाई पिशवीवर होतेच. तींत दोन ओळी वाढविण्यास फार लागत नाहीं. अडचण आहे ती तिसऱ्या ठशाची, कारण भाव दर आठवड्यास बदलतो आणि पिशव्या हंगामाच्या आरंभीं छापून ठेवलेल्या असतात. यास आमची सूचना अशी कीं, भावाची जागा कोरी ठेवून माल भरतांना हातशिक्का मारावा. औषधांच्या बाटल्यांवर तारीख मारतात तसा. प्रथम एकाच जिनसेवर, शक्य तर गुळावर किंवा तुरीच्या डाळीवर, एक हंगाम हा प्रयोग करून पाहावा. ज्या संस्था तो करतील त्यांनीं आपल्या पिशवीचा नमुना, शिक्क्यास आलेला खर्च, आणि व्यापाऱ्यांनीं घेतलेल्या हरकती आमच्याकडे लिहून पाठवाव्यात. हरकती असतील तशाच, शब्द न बदलतां, आम्ही या मासिकांत छापूं, आणि व्यापारी मंडळींस त्यावर कांहीं म्हणावयाचें असेल तर त्यांसहि तितकीच जागा देऊं.